रूकी रनिंग बॅकचं फॅन्टसी मोल: रील नंतर बघा, आधी कामाचा वाटा बघा

राखीपौर्णिमेच्या सकाळी उठून फोन हातात घेतला, तर आमच्या फॅन्टसी लीगच्या ग्रुपवर एकच क्लिप चार-पाच जणांनी टाकलेली. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा नवा खेळाडू ट्रेव्हियन हेंडरसन. प्रीसीझनचा पहिला सामना, सामन्याची पहिलीच किकऑफ, याने चेंडू झेलला आणि शंभर यार्ड पळत जाऊन थेट टचडाऊन. खाली आगीचे इमोजी आणि 'याला मी घेणार, कोणी मध्ये यायचं नाही' असल्या कॉमेंट्स. पुढच्या काही दिवसांत इन्स्टाग्रामनं ती रील मला इतक्या वेळा दाखवली की मी झोपेतही किकऑफ बघत होतो.

त्याच्या आदल्याच दिवशी लास व्हेगास रेडर्सच्या ॲश्टन जेंटीनं पहिला प्रीसीझन सामना खेळला होता. तीन वेळा चेंडू हातात, एकूण यार्ड उणे एक. त्याची रील कोण बनवणार?

आमचा ड्राफ्ट या रविवारी, ३१ ऑगस्टला रात्री आहे. घरी त्या दिवशी गौरी येणार, त्यामुळे आईला आधीच सांगून ठेवलंय की नऊनंतर मी लॅपटॉपसमोर असेन. बारा जणांची लीग आहे, सात अमेरिकेतल्या टीमचे आणि पाच आम्ही पुण्यातले. गेला आठवडाभर मी याच एका प्रश्नावर डोकं लावतोय: रूकी, म्हणजे पहिलंच वर्ष खेळणाऱ्या रनिंग बॅकची किंमत ठरवायची कशी? त्यानं एनएफएलमध्ये एकही खरा सामना खेळलेला नाही. मागचे आकडे नाहीत. मग हातात उरतं काय? मला विचाराल तर एकच गोष्ट. त्याला किती काम मिळणार, आणि कोणत्या प्रकारचं.

ज्यांना हा खेळच नवीन आहे त्यांच्यासाठी दोन मिनिटं. अमेरिकन फुटबॉलमध्ये टीमला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. चेंडू पुढे न्यायचे मुख्य मार्ग दोन: क्वार्टरबॅकनं तो फेकायचा, नाहीतर रनिंग बॅकच्या हातात द्यायचा आणि त्यानं समोरच्या भिंतीत घुसायचं. रनिंग बॅक कधी कधी फेकलेला चेंडू झेलतोसुद्धा. फॅन्टसीचे गुण साधे आहेत. दहा यार्डांना १ गुण, टचडाऊनला ६, आणि आमच्यासारख्या लीगमध्ये प्रत्येक झेलाला वर आणखी १. चेंडू हातातून सुटून समोरच्या टीमकडे गेला, म्हणजे फंबल झाला, तर २ गुण कापले जातात. किकऑफ परतवताना पळालेले यार्ड बहुतेक लीगमध्ये धरतच नाहीत. म्हणजे त्या शंभर यार्डांच्या रीलमधल्या यार्डांचे फॅन्टसी गुण जवळपास सगळीकडे शून्य, फक्त टचडाऊनचे मिळाले तर मिळाले.

क्रिकेटची फॅन्टसी टीम ज्यानं कधी लावली असेल त्याला हे शिकवायला लागत नाही. टी-ट्वेंटीत सातव्या नंबरवर येणारा कितीही मोठा हिटर असो, त्याला आठ-दहा चेंडू मिळणार. तिसऱ्या नंबरचा बरा बॅट्समनसुद्धा महिन्याभरात त्याच्यापेक्षा जास्त गुण देतो, कारण त्याला चेंडू मिळतात. आपण बॅटिंग ऑर्डर बघून टीम लावतो. रनिंग बॅकच्या बाबतीत बॅटिंग ऑर्डर कुठे छापून येत नाही, ती आपल्यालाच काढावी लागते, एवढाच फरक.

(जाता जाता: आमच्या लीगमध्ये पैसे नाहीत. गेल्याच आठवड्यात संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि ड्रीम११नं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्याकडे जो शेवटचा येतो तो ३१ डिसेंबरच्या रात्री ऑन-कॉल बसतो. पैशांपेक्षा ही शिक्षा मोठी आहे, विश्वास ठेवा.)

एकच खेळाडू, एकच टीम, दोन कोच

कामाचा वाटा किती महत्त्वाचा, हे सांगायला माझ्याकडे एक उदाहरण आहे, ज्यात बाकीच्या बऱ्याच गोष्टी जागच्या जागी राहिल्या आणि वाटा तेवढा बदलला. बीजान रॉबिन्सन. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये अटलांटा फाल्कन्सनं त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं. रनिंग बॅकला इतक्या वर घेणं आता दुर्मिळ झालंय, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की टीम याला पळवून पळवून दमवणार. फॅन्टसीतही तो पहिल्या फेरीत गेला.

पण अटलांटात आधीच एक टायलर ऑलजिअर होता. आदल्या वर्षी रूकी म्हणूनच त्यानं हजार यार्ड ओलांडलेले. आणि कोच आर्थर स्मिथला दोघांना आलटूनपालटून वापरायला आवडायचं. वर्षाअखेर हिशोब असा: रॉबिन्सनच्या २१४ धावा आणि ५८ झेल, ऑलजिअरच्या १८६ धावा. ऑक्टोबरमधल्या टॅम्पा बेविरुद्धच्या एका सामन्यात तर रॉबिन्सनच्या हातात चेंडू एकदाच आला, तीन यार्ड, ०.३ गुण. नंतर कळलं की त्याचं डोकं दुखत होतं आणि ते दुखापतींच्या यादीत जाहीरच केलं नव्हतं. त्यासाठी एनएफएलनं टीमला ७५ हजार डॉलर आणि कोचला २५ हजार डॉलर दंड केला. त्या रविवारी ज्यांनी रॉबिन्सनला टीममध्ये ठेवलं होतं त्यांना त्या दंडातला एक सेंटही मिळाला नाही, अर्थात.

मोसम संपल्यावर स्मिथला काढलं. रहीम मॉरिस आला. २०२४ मध्ये त्याच रॉबिन्सनच्या ३०४ धावा आणि ६१ झेल झाले, ऑलजिअरच्या धावा १३७ वर आल्या. दोघांच्या मिळून धावांमधला रॉबिन्सनचा वाटा ५४ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेला.

आता गंमत बघा. चेंडू हातात येण्याच्या प्रत्येक प्रसंगाला, मग ती धाव असो की झेल, 'टच' म्हणतात. २०२३ मध्ये रॉबिन्सनचे २७२ टच, १,४६३ यार्ड, ८ टचडाऊन. फंबल सोडून दिले तर झेल धरून सुमारे २५२ गुण. २०२४ मध्ये ३६५ टच, १,८८७ यार्ड, १५ टचडाऊन, सुमारे ३४० गुण. भागाकार केला तर पहिल्या वर्षी एका टचला ०.९३ गुण. दुसऱ्या वर्षी? ०.९३.

हा भागाकार केला तेव्हा माझा विश्वासच बसेना, म्हणून परत केला. फॅन्टसीच्या हिशोबात तो एका टचमागे काडीचाही सुधारला नव्हता. ८८ गुणांचा सगळा फरक जास्तीच्या ९३ टचमधून आला. २०२३ मध्ये लोक 'बीजान फ्लॉप' म्हणत होते, २०२४ मध्ये 'बीजान सुपरस्टार'. यार्ड आणि टचडाऊन वेगवेगळ्या प्रमाणात हलले हे खरं, आणि आकडे इतके तंतोतंत जुळणं यात थोडा योगायोगही आहे. पण दिशा योगायोगाची नाही.

मी दिवसभर सर्व्हरवर येणाऱ्या ट्रॅफिकचं काम करतो. आमच्याकडे लोड बॅलन्सर नावाची चीज असते: येणाऱ्या रिक्वेस्ट कुठल्या सर्व्हरला किती द्यायच्या हे ती ठरवते. सर्व्हर कितीही दमदार असला तरी बॅलन्सरनं त्याच्याकडे ट्रॅफिक पाठवलंच नाही तर तो थंड बसून राहतो. कोच म्हणजे लोड बॅलन्सर. रूकीच्या प्रतिभेबद्दल वाचण्यात आपण दहा तास घालवतो आणि बॅलन्सरच्या सेटिंगबद्दल दहा मिनिटंही नाही.

मी स्वतः कसा आपटलो

हे शहाणपण मला २०२० मध्ये असतं तर बरं झालं असतं. पहिली नोकरी, घरून काम, आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच लीगमध्ये ओढलं. त्या वर्षी क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर नावाचा रूकी कॅन्सस सिटी चीफ्सकडे आला होता. ड्राफ्टमध्ये बत्तिसावा, पण त्या वर्षी सगळ्यात आधी घेतला गेलेला रनिंग बॅक तोच. पॅट्रिक माहोम्सची टीम, अँडी रीड कोच. जुलैच्या शेवटी टीमचा आधीचा रनिंग बॅक डेमियन विल्यम्स यानं कोविडमुळे मोसमातून माघार घेतली आणि हेलेअरची किंमत रॉकेटसारखी वर गेली. मी त्याला पहिल्या फेरीत घेतलं.

पहिला सामना: २५ धावा, १३८ यार्ड, एक टचडाऊन. मी ग्रुपवर काय काय लिहिलं ते आज वाचलं तरी लाज वाटते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते उगाच नाही. त्या सामन्यात दोन खुणा होत्या, ज्या मी बघितल्याच नाहीत. एक, तो झेल घेणारा म्हणून गाजलेला असताना त्या दिवशी झेल एकही नाही. दोन, गोल लाइनजवळ त्याला वारंवार चेंडू दिला आणि तो आत जाऊ शकला नाही. ऑक्टोबरमध्ये टीमनं लेव्हियॉन बेलला आणलं आणि काम आणखी वाटलं गेलं. शेवटी १३ सामने, १८१ धावा, ३६ झेल, सगळे मिळून ५ टचडाऊन. सुमारे १७६ गुण. मी शेवटचा आलो. ३१ डिसेंबरच्या रात्री लॅपटॉपसमोर बसलो होतो, बाहेर फटाके. अलर्ट एकही आला नाही, एवढंच नशीब.

पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग स्टीलर्सनं नाजी हॅरिसला घेतलं. ड्राफ्टमध्ये चोविसावा. त्याच्याबद्दल सगळे नाक मुरडत होते: लाइन खराब, क्वार्टरबॅक म्हातारा, एका धावेमागे चार यार्डसुद्धा निघणार नाहीत. खरंच निघाले नाहीत, ३.९ निघाले. पण त्याच्याशी स्पर्धा करणारं कोणी नव्हतं. ३०७ धावा, ७४ झेल, म्हणजे ३८१ टच. सुमारे ३०० गुण, त्या वर्षीच्या सर्वांत वरच्या रनिंग बॅकमध्ये.

एका टचमागे हॅरिसचे ०.७९ गुण. ज्याच्यामुळे मी शेवटचा आलो त्या हेलेअरचे ०.८१. म्हणजे माझा खेळाडू टचमागे किंचित सरसच होता! पण हॅरिस सामन्याला बावीसपेक्षा जास्त टच घेत होता आणि माझा सतराच्या आत. वर हॅरिसनं सगळे १७ सामने खेळले.

इथे एक गोष्ट टोचते, ती लिहून टाकतो. जे आपल्याला गुण देतं तेच त्या माणसाचं शरीर खातं. हॅरिसनं चार वर्षांत एकही सामना चुकवला नाही, चारही वर्षं हजार यार्ड पूर्ण केले. तरी स्टीलर्सनं त्याच्या कराराचं पाचवं वर्ष घेतलं नाही आणि यंदा मार्चमध्ये त्याला लॉस एंजेलिस चार्जर्सकडे एका वर्षाचा करार मिळाला. एका वर्षाचा. रनिंग बॅकचा बाजार असा आहे. दर वर्षी नवा, स्वस्त पोरगा मिळतो. आणि म्हणूनच आपला हा रूकीचा प्रश्न दर ऑगस्टला नव्यानं येतो.

सगळे टच सारखे नसतात

टच नुसते मोजून भागत नाही. साडेचार यार्डांची धाव म्हणजे ०.४५ गुण. सात यार्डांचा झेल म्हणजे ०.७ अधिक झेलाचा १, एकूण १.७. एक झेल जवळजवळ चार धावांना भारी. आणि गोल लाइनपासून एक यार्डावरची धाव सफल झाली की ६.१ गुण. तेव्हा प्रश्न दोन होतात: याला झेल मिळणार का, आणि गोल लाइनला हाच असणार का?

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण पेट्रियट्सचंच आहे, २०१८ चं. सोनी मिशेल, पहिल्या फेरीतला रूकी, २०९ धावा. पण झेल फक्त ७. टीममध्ये जेम्स व्हाइट होता, त्याच्या धावा ९४ आणि झेल ८७. मिशेलचे टच २१६, व्हाइटचे १८१. गुण? मिशेलचे सुमारे १४१, व्हाइटचे सुमारे २७७. मिशेल तीन सामने कमी खेळला हे मान्य केलं तरी दरी भरून निघत नाही. त्या टीमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाच्या चाली ठरवणारा, होता जॉश मॅकडॅनियल्स. हे नाव लक्षात ठेवा.

झेलांच्या मागे आणखी एक छुपं काम असतं, जे रीलमध्ये कधीच दिसत नाही. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला थांबतो तेव्हा त्याच्यावर धावून येणाऱ्याला अडवणं. कॉलेजात हे फारसं करावं न लागलेला रूकी इथे चुकतो, आणि चुकला की कोच त्याला तिसऱ्या प्रयत्नाला बाहेर बसवतो, कारण क्वार्टरबॅक जखमी झाला तर मोसमच संपतो. म्हणून कॅम्पच्या बातम्यांमध्ये 'ब्लॉकिंग चांगलं करतोय' असं कंटाळवाणं वाक्य दिसलं तर ते शंभर यार्डांच्या क्लिपपेक्षा जास्त मोलाचं समजा.

आता यंदाची पोरं

जेंटीपासून सुरू करू. बॉइसी स्टेटकडून गेल्या वर्षी ३७४ धावा, २,६०१ यार्ड, २९ टचडाऊन. बॅरी सँडर्सचा १९८८ चा २,६२८ यार्डांचा विक्रम थोडक्यात वाचला. रेडर्सनं त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं आणि चार वर्षांचे सुमारे साडेतीन कोटी डॉलर, पूर्ण हमीनं, दिले. एवढे पैसे मोजून कोणी माणसाला बाकावर बसवत नाही. गेल्या वर्षी पळण्यात रेडर्स लीगमध्ये शेवटचे होते, सामन्याला ८० यार्डांच्या आत. त्यांच्यातला सर्वाधिक यार्डांचा रनिंग बॅक अलेक्झांडर मॅटिसन, ४२० यार्ड, तोही टीम सोडून गेलाय. जागा रिकामी आहे. राहीम मोस्टर्टला आणलंय, पण त्याचं वय ३३.

हे सगळं जेंटीच्या बाजूचं. आता विरुद्ध बाजू. २०२५ च्या मोसमाचा कोच पीट कॅरोल. 'कॅरोलला पळणं आवडतं, मार्शॉन लिंच आठवा' असं सगळे म्हणतात. मला २०१८ आठवतं. सिॲटलमध्ये याच कॅरोलच्या टीमनं रशाद पेनीला पहिल्या फेरीत घेतलं होतं. त्या वर्षी पेनीच्या धावा ८५ आणि सातव्या फेरीत आलेल्या क्रिस कार्सनच्या २४७. जो कोच चांगलं खेळणाऱ्यालाच काम देतो तो ड्राफ्टचा क्रमांक बघत नाही. फरक इतकाच की आज रेडर्सकडे कार्सन दिसत नाही. आणि सत्तावीस नंबर म्हणजे सहा नंबर नव्हे.

दुसरी भीती सामन्याच्या परिस्थितीची. रेडर्स गेल्या वर्षी चार जिंकले, तेरा हरले. मागे पडलेली टीम चेंडू फेकते, पळत नाही. त्यामुळे जेंटी तिसऱ्या प्रयत्नाला मैदानावर असणं गरजेचं. गेल्या वर्षी कॉलेजात त्याचे झेल २३च होते, पण त्याच्या आदल्या वर्षी ४३ होते. म्हणजे हात आहेत.

माझा कच्चा हिशोब, मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर होईल असा: टीमच्या रनिंग बॅकना सामन्याला २४ धावा मिळतात असं धरू. जेंटीचा वाटा ७० टक्के, रॉबिन्सनच्या २०२४ सारखा. झाल्या १७ धावा. त्यात ३ झेल. वीस टच, १७ सामने, ३४०. टचमागे ०.८ धरले तर २७२ गुण, ०.९ धरले तर ३०६. वाटा ५५ टक्क्यांवर घसरला, म्हणजे रॉबिन्सनच्या पहिल्या वर्षासारखं झालं, तर सामन्याला १६ टच, एकूण २७२, आणि ०.८ नं २१८ गुण. लक्षात आलं का? टचमागचे गुण ०.९ वरून ०.८ वर आले तर ३४ गुण जातात. वाटा घसरला तर ५४. हा २४ चा आकडा माझा अंदाज आहे, तुम्ही २६ घ्या, २२ घ्या, पण हा खेळ स्वतः एकदा करून बघा.

आता हेंडरसन. तो चांगला नाही असं मी म्हणत नाहीये. ओहायो स्टेटमध्ये गेल्या वर्षी १४४ धावांत १,०१६ यार्ड, म्हणजे एका धावेला सात. पण १४४! कारण क्विनशॉन जडकिन्स दुसऱ्या बाजूनं १९४ धावा घेत होता. तिथला त्या वर्षीचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर चिप केली, जो २०२५ मध्ये नेमका जेंटीच्या रेडर्सकडे आला. म्हणजे बॅलन्सरला दोन चांगले सर्व्हर मिळाले की तो लोड वाटतो, हे केलीबद्दलही खरं आहे. पेट्रियट्सकडे रामोंड्रे स्टीव्हनसन आहे, गेल्याच वर्षी मोठा करार केलेला, २०७ धावा. त्याच्या हातातून चेंडू फार सुटतो, हीच हेंडरसनसाठी उघडी खिडकी. आणि कोऑर्डिनेटर कोण? जॉश मॅकडॅनियल्स, परत आलाय. २०१८ चा मिशेल आणि व्हाइटचा खेळ मांडणारा तोच.

त्यामुळे हेंडरसनच्या बाबतीत माझा प्रश्न 'किती' पेक्षा 'कोणते' असा आहे. त्याला व्हाइटची भूमिका मिळाली, झेलांची, तर सामन्याला चौदा टचसुद्धा पुरतील: १७ सामन्यांत २३८ टच, टचमागे एक गुण, २३८ गुण. ती मिळाली नाही आणि गोल लाइनला स्टीव्हनसनच आत येत राहिला, तर वर्षभर तुम्ही दर रविवारी त्याला लावू की नको म्हणत बसाल.

ओमॅरियन हॅम्प्टनबद्दल थोडक्यात. चार्जर्सचा बाविसावा पिक, जिम हारबॉसारखा पळण्यावर विश्वास असलेला कोच. वाटेत कोण उभा? नाजी हॅरिस, तोच. ४ जुलैला फटाक्यांच्या अपघातात त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि कॅम्पचा बराच काळ तो बाहेर होता, म्हणून हॅम्प्टनचा भाव वाढलाय. कोणाच्या दुखापतीवर आपला हिशोब रचायचा मला कंटाळा येतो, आणि ती दुखापत बरी झाली की हिशोबही कोसळतो. वर टीमचा लेफ्ट टॅकल रशॉन स्लेटर ऑगस्टमध्ये जखमी होऊन मोसमाबाहेर गेला. मी हॅम्प्टनला चौथ्या फेरीच्या आधी हात लावणार नाही.

एक प्रामाणिक कबुली. माझ्या या सगळ्या मांडणीला छेद देणारा माणूस आहे: मायामीचा डी'व्हॉन एचॅन. २०२३ मध्ये रूकी, ड्राफ्टमध्ये ८४ वा, ११ सामन्यांत फक्त १३० टच आणि जवळपास १९३ गुण. टचमागे १.४८! कामाच्या वाट्यावरून मी त्याला कधीच घेतलं नसतं आणि पस्तावलो असतो. असे येतात. पण २०२४ मध्ये त्याचं काय झालं तेही बघा. टचमागे १.०७ वर आला, धावेमागचे यार्ड ७.८ वरून ४.५ वर. तरी एकूण गुण ३०० च्या आसपास गेले, कारण टच २८१ झाले आणि त्यातले ७८ झेल होते. वेग त्याला लीगमध्ये घेऊन आला, पण ३०० पर्यंत टचनीच पोचवलं.

ॲपमध्ये प्रत्येक खेळाडूसमोर एकच अंदाज दिसतो, समजा २५१.४. दशांशासकट आकडा दिसला की आपल्याला तो खरा वाटतो. त्यामागे कोणीतरी धावा, झेल, वाटा यांचे अंदाजच भरलेले असतात. बहुतेक ॲपमध्ये खेळाडूच्या नावावर टॅप केलं की अंदाजलेल्या धावा आणि झेल वेगळे दिसतात. तिथे बघा. दोघांचा एकूण आकडा सारखा असेल आणि एकाचा अंदाज २६० धावांवर तर दुसऱ्याचा १५० धावा आणि भरपूर टचडाऊनवर उभा असेल, तर मी डोळे झाकून पहिला घेतो. टचडाऊनचा अंदाज करणं म्हणजे पावसाचा अंदाज करणं.

आणि लीग सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत गुणांकडे बघू नका. स्नॅप किती खेळला, म्हणजे किती चालींमध्ये मैदानावर होता, ते बघा. तिसऱ्या प्रयत्नाला कोण होता, पाच यार्डांच्या आत कोण होता, ते बघा. ही माहिती फुकट मिळते, फक्त तिची रील कोणी बनवत नाही. कोणाच्या रूकीला चार गुण मिळालेत पण तो सत्तर टक्के स्नॅप खेळलाय असं दिसलं, तर सोमवारी सकाळी त्या माणसाला ट्रेडचा मेसेज टाका, तो चिडलेला असतानाच.

रविवारी माझा नंबर नववा आहे. जेंटी साधारण पहिल्या फेरीच्या शेवटी जातोय, म्हणजे अगदी माझ्या दारात. उणे एक यार्डाच्या कृपेनं तो तिथपर्यंत उरला तर मी घेणार. हेंडरसनला चौथ्या-पाचव्या फेरीत लोक घेतायत. पाचवीपर्यंत राहिला तर घेईन, चौथीत नाही. आमच्या लीगमधला क्लिप टाकणारा एक जण त्याला तिसरीतच उचलेल असं मला वाटतंय, आणि हे तो वाचत असेल तर त्यानं खुशाल उचलावं.

मोसम ४ सप्टेंबरला सुरू होतो. आणि पहिल्याच रविवारी, ७ सप्टेंबरला, रेडर्स खेळणार आहेत पेट्रियट्सशी, त्यांच्या घरी. आपल्याकडे रात्री साडेदहा, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. जेंटी आणि हेंडरसन एकाच सामन्यात. मी वही घेऊन बसणार आहे: डावीकडे एकाचे स्नॅप, उजवीकडे दुसऱ्याचे.